हिशेब कोणत्या क्षणाचा? : ॲपेक्समधल्या हिशेबी रकान्यांची समीक्षा



विषय वाचून काही जणांनी आम्हाला दारातच विचारलं, "फॉर्ममधल्या एका रकान्यात आकडा कसा आणायचा, यावर तासभर बोलण्यासारखं काय आहे?" प्रश्न रास्त आहे. काही काळापूर्वी आम्हीही हेच विचारलं असतं. त्यामुळे आधी आमच्या फजितीची गोष्ट सांगतो, मग विषयाकडे येतो.

एका बांधकाम-साहित्याच्या दुकानासाठी आमच्या टीमने बिलांचं ॲप्लिकेशन बांधलं होतं, ओरॅकल ॲपेक्समध्ये. दुकानाचं नाव घेत नाही. चूक त्यांची नव्हती, आमची होती. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले. सिमेंटवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. दुकानातल्या हिशेबनीस मॅडमनी दरांच्या टेबलमध्ये जाऊन २८ चे १८ केले. बरोबरच केलं; दर बदलला की एवढं एकच करा, असं आम्हीच त्यांना अभिमानाने सांगून ठेवलं होतं. नवी बिलं व्यवस्थित निघू लागली. महिनाभराने एक गिऱ्हाईक आलं. त्याला ऑगस्टमधल्या बिलाची दुसरी प्रत हवी होती. मॅडमनी बिल उघडलं, छापलं, दिलं. करपात्र रक्कम २०,००० रुपये, कर ३,६००, एकूण २३,६००. गिऱ्हाइकाने मोबाईल काढला आणि ऑगस्टमध्ये पैसे पाठवल्याचा मेसेज दाखवला. त्यात आकडा होता २५,६००.

"मग माझे दोन हजार कुठे गेले?"

ते कुठेच गेले नव्हते. ऑगस्टमध्ये कर ५,६०० होता, तो घेतला गेला, विवरणपत्रात दाखवला गेला, सरकारकडे भरलाही गेला. फक्त आमचं ॲप्लिकेशन तेवढं ते विसरलं होतं. विसरलं म्हणजे काय, त्याने ते कधी लक्षातच ठेवलं नव्हतं. बिल उघडलं की ते कर नव्याने काढायचं, त्या दिवशीच्या दराने. त्यामुळे दर बदलल्याबरोबर मागची सिमेंटची सगळी बिलं एका क्षणात बदलली. कुठे एररचा मेसेज आला नाही की लॉगमध्ये ओळ पडली नाही. वर्षानुवर्षांची गिऱ्हाइकं असलेल्या माणसाला स्वतःच्याच काउंटरवर उभं राहून "मी तुम्हाला फसवलं नाही" असं सांगावं लागलं, ते आमच्यामुळे.

चूक आमची, हे पुन्हा एकदा सांगून पुढे जातो. पण ती दुरुस्त करताना एक प्रश्न मागे उरला. आमच्यासारख्या, हे काम बऱ्यापैकी येणाऱ्या लोकांना ही चूक इतकी सहज कशी करता आली? त्याचं उत्तर शोधताना आम्ही त्या साधनाकडे पुन्हा पाहिलं. एखाद्या पुस्तकाची समीक्षा करताना आपण विचारतो, की हे पुस्तक वाचकाला काय दाखवतं आणि काय झाकतं? तोच प्रश्न आज एका साधनाला विचारायचा आहे.

साधन काय आहे

ज्यांनी ॲपेक्स पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ओरॅकलच्या डेटाबेसबरोबर येणारं, वेगळे पैसे न देता मिळणारं हे वेब ॲप्लिकेशन बांधण्याचं साधन आहे. ओरॅकलमधल्या माइक हिचवा यांच्या कामातून ते उभं राहिलं. २००४ मध्ये ते 'एचटीएमएल डीबी' या नावाने बाहेर आलं आणि २००६ मध्ये त्याचं नाव 'ॲप्लिकेशन एक्सप्रेस' झालं; ॲपेक्स हे त्याचंच लघुरूप. यातली मूळ कल्पना आजही सुंदर वाटते. तुम्ही बांधलेलं ॲप्लिकेशन, म्हणजे त्याची पानं, रकाने, बटणं, नियम, हे सगळं डेटाबेसच्याच टेबलांमध्ये माहिती म्हणून साठवलेलं असतं. कुणी पान मागितलं की डेटाबेसमधलं इंजिन ती माहिती वाचतं आणि पान तयार करून देतं. ज्याला एसक्यूएल येतं तो दुपारपर्यंत चालतं-फिरतं ॲप्लिकेशन उभं करू शकतो. ही अतिशयोक्ती नाही, आम्ही ते केलेलं आहे. एवढ्या वर्षांनंतरही आम्ही ॲपेक्स सोडलेलं नाही आणि सोडणारही नाही. जी वस्तू टाकून द्यायची आहे, तिची समीक्षा करत बसायला वेळ कुणाला आहे!

आता मुद्द्याचा शब्द. फॉर्ममधले काही रकाने माणूस भरतो: नाव, नग, भाव. काही रकाने त्यांच्यावरून काढले जातात: कर, एकूण, थकबाकी, वय. या दुसऱ्या प्रकाराला आम्ही 'हिशेबी रकाना' म्हणणार आहोत. आणि त्यात जे बसतं त्याला 'किंमत' न म्हणता 'व्हॅल्यू' म्हणू, नाहीतर बिलाच्या उदाहरणात भावाची किंमत कुठली आणि रकान्याची कुठली, असा घोळ होईल.

एकच आकडा, तीन घरं

हिशेबी रकाना समजून घ्यायचा तर आधी हे लक्षात घ्यावं लागतं, की पडद्यावर दिसणारा 'एकूण' हा एक आकडा प्रत्यक्षात तीन ठिकाणी राहतो.

पहिलं घर ब्राउझरमध्ये: जो डोळ्यांना दिसतो तो. दुसरं घर ॲपेक्सच्या सेशन स्टेटमध्ये. म्हणजे काय तर, तुम्ही लॉग-इन केल्यापासून कोणत्या रकान्यात काय होतं याची इंजिनने सर्व्हरवर ठेवलेली नोंद. तिसरं घर तुमच्या स्वतःच्या टेबलमध्ये, जिथे बिल कायमचं साठतं. तिन्ही घरांत एकाच वेळी एकच आकडा असेल अशी खात्री कुणी देत नाही. पडद्यावर ३,६०० दिसतंय, सेशन स्टेटमध्ये मघाचा आकडा आहे आणि टेबलमध्ये अजून काहीच नाही, ही रोजची स्थिती आहे. नवशिक्याची निम्मी गोंधळाची कारणं इथेच सापडतात. "पडद्यावर तर दिसतंय, मग सेव्ह का होत नाही?" हा प्रश्न आम्ही स्वतः किती वेळा विचारला असेल, त्याची गणती नाही.

आणि व्हॅल्यू भरण्याच्या वाटा किती? मोजून बघा. रकान्याचा सोर्स. रकान्याचा डीफॉल्ट. कॉम्प्युटेशन, तेही पान तयार होताना वेगवेगळ्या टप्प्यांवर किंवा सबमिट झाल्यावर. डायनॅमिक ॲक्शनमधलं 'सेट व्हॅल्यू'. पानावरची प्रोसेस. त्याखाली टेबलवरचा ट्रिगर. आणि ओरॅकल ११जी पासून, म्हणजे २००७ पासून, टेबलमधला व्हर्च्युअल कॉलम. सात झाल्या. बारीक मोजलं तर आणखी निघतील.

पर्याय जास्त आहेत अशी आमची तक्रार नाही. स्वयंपाकघरात पाच सुऱ्या असल्या म्हणून काही बिघडत नाही. तक्रार अशी, की या सातही वाटा 'कसं' या प्रश्नाने मांडल्या आहेत. एसक्यूएलने काढायचं, पीएल/एसक्यूएलने, जावास्क्रिप्टने की स्थिर आकडा द्यायचा? हा प्रश्न साधन पुन्हा पुन्हा, अगदी नम्रपणे विचारतं. पण हा आकडा कोणत्या क्षणाचा आहे आणि त्याला जबाबदार कोण, हे ते एकदाही विचारत नाही.

वाटांवरचे खड्डे

थोडं तपशिलात जाऊ. मुद्दा तिथेच उघडा पडतो.

सगळ्यांना आवडते ती वाट म्हणजे डायनॅमिक ॲक्शन. नग बदलला की 'एकूण' आपोआप बदलतो, पान पुन्हा लोड होत नाही, समोर बसलेला दुकानदार खूश. ही वाट ब्राउझरमधून जाते. हिशेब जावास्क्रिप्टने केला तर पहिला खड्डा असा, की रकान्यातून येणारी व्हॅल्यू अक्षरांची माळ असते, संख्या नसते. २०००० आणि ३६०० यांच्यामध्ये अधिकचं चिन्ह टाकलं, तर २३६०० मिळत नाही, २००००३६०० मिळतं. वीस कोटींचं सिमेंट! हा खड्डा निदान डोळ्यांना दिसतो. दुसरा दिसत नाही. जावास्क्रिप्ट दशांश आकडे आतून द्विमान पद्धतीने धरते, त्यामुळे काही आकडे तिला नेमके धरताच येत नाहीत. १.००५ ला दोन दशांश स्थळांपर्यंत आणा म्हटलं, तर ब्राउझर १.०० देतो. ओरॅकलच्या नंबर या प्रकारात तोच हिशेब केला तर १.०१ येतो. एकच सूत्र, एकच पान, आणि एका पैशाचा फरक. दिवसाला चारशे बिलं काढणाऱ्या माणसाला विचारा, महिनाअखेरीस एका पैशाचा फरक शोधायला किती वेळ लागतो ते.

बरं, जावास्क्रिप्ट नको म्हणून त्याच डायनॅमिक ॲक्शनमध्ये एसक्यूएल वापरलं, तर हिशेब सर्व्हरवर होतो. पण सर्व्हरला पडद्यावरचे ताजे आकडे माहीत नसतात. त्याला सेशन स्टेटमधले माहीत असतात. ताजे आकडे हवे असतील तर 'आयटम्स टू सबमिट' नावाच्या एका चौकटीत त्या रकान्यांची नावं लिहावी लागतात. ती लिहायची राहिली तर एरर येत नाही. उत्तर येतं, फक्त मघाच्या आकड्यांचं. चुकीचं उत्तर आत्मविश्वासाने देणारं यंत्र हे बंद पडणाऱ्या यंत्रापेक्षा जास्त महागात पडतं.

मग रकाना कुणी हाताने बदलू नये म्हणून आपण तो निष्क्रिय करतो. एचटीएमएलचा नियम असा, की निष्क्रिय रकाना फॉर्मबरोबर पाठवला जात नाही. म्हणजे आकडा दिसला, पण सर्व्हरपर्यंत पोचलाच नाही. 'डिस्प्ले ओन्ली' केला तर तो पाठवायचा की नाही याची एक वेगळी सेटिंग आहे, ती माहीत असावी लागते.

आणि आता सर्वांत बोलका खड्डा. समजा आपण तो रकाना लपवला, 'हिडन' केला. ॲपेक्स अशा रकान्याला मुळातच एक कुलूप लावून देतं: 'व्हॅल्यू प्रोटेक्टेड'. ब्राउझरमध्ये कुणी ती व्हॅल्यू बदलली, तर सबमिट करताना सुरक्षेचं उल्लंघन झालं असा मेसेज येतो आणि काम थांबतं. उत्तम योजना आहे. कारण ब्राउझरमध्ये काय आहे हे वापरणाऱ्याच्या हातात असतं. एफ १२ दाबून लपवलेला रकाना शोधणं आणि २५,६०० चे ५६० करणं कॉलेजच्या मुलालाही जमतं. पण आपली डायनॅमिक ॲक्शनही ब्राउझरमध्येच व्हॅल्यू बदलते. कुलपाला चोर आणि मालक यांत फरक कसा कळणार? ते दोघांनाही अडवतं. मग बांधणारा काय करतो? मेसेज वाचतो, शोधतो, आणि 'व्हॅल्यू प्रोटेक्टेड' बंद करतो. काम चालू होतं. तो सुटकेचा श्वास टाकतो आणि पुढच्या रकान्याकडे वळतो.

इथे जरा थांबू या. कुलूप बरोबर होतं. मेसेजही खोटा नव्हता. तरीही त्या दहा मिनिटांत बांधणारा जे शिकला ते असं: कुलूप अडचणीचं असतं, ते काढलं की काम होतं. खरं शिकायचं होतं ते वेगळंच. हा आकडा बिलाचा असेल, तर तो ब्राउझरमधून येण्याची गरजच काय? सबमिट झाल्यावर सर्व्हरने तो स्वतः काढावा आणि ब्राउझरमधून काही आलंच तर त्याकडे बघूही नये. त्या मेसेजच्या जागी साधनाने एवढंच विचारलं असतं, "हा आकडा नक्की कोण ठरवतं?", तर कितीतरी ॲप्लिकेशन्स जास्त सुरक्षित झाली असती.

तीन जाती

आमच्या फजितीनंतर आम्ही स्वतःच्या सगळ्या ॲप्लिकेशन्समधले हिशेबी रकाने एका कागदावर लिहून काढले आणि प्रत्येकापुढे लिहिलं, की हा कोणत्या क्षणाचा आहे. बऱ्याच वादानंतर तीन जाती उरल्या.

पहिली: सुचवलेली व्हॅल्यू. बिलाची तारीख आजची, भाव दरपत्रकातला. हा हिशेब नव्हे, सूचना आहे. माणसाने मान्य केली तर ठीक, नाहीतर तो बदलेल. तिची जागा डीफॉल्टमध्ये किंवा डायनॅमिक ॲक्शनमध्ये. ब्राउझरमध्ये झालं तरी काही बिघडत नाही, कारण शेवटचा शब्द माणसाचाच आहे.

दुसरी: चालू व्हॅल्यू. गिऱ्हाइकाची थकबाकी, बिल होऊन किती दिवस झाले, गोदामातला शिल्लक माल. ही कधीच साठवायची नाही. विचारलं की त्या क्षणी काढायची. काल साठवलेली थकबाकी आज खोटी असते. हिची जागा क्वेरीत, व्ह्यूमध्ये, किंवा दर वेळी नव्याने भरणाऱ्या सोर्समध्ये.

तिसरी: ठरलेली व्हॅल्यू. बिलावरचा कर, कर्जाच्या हप्त्यातलं व्याज, परीक्षेत लागलेली श्रेणी. ही एका क्षणी काढली जाते आणि त्यानंतर ती हिशेब राहत नाही, घडलेली घटना होते. दोन माणसांमध्ये तो व्यवहार झाला, त्याची ती नोंद आहे. ही सर्व्हरवर, सेव्ह होताना, एकदाच काढायची आणि साठवायची. आणि नुसता कर साठवून भागत नाही, ज्या दराने काढला तो दरही त्याच ओळीत साठवायचा. उद्या माल परत आला आणि क्रेडिट नोट काढायची वेळ आली, तर मूळ बिलातला दर लागतो, आजचा नाही.

आता आमची चूक पुन्हा बघा. थकबाकीच्या रकान्याला आम्ही सोर्स म्हणून क्वेरी दिली होती आणि सांगितलं होतं, की सेशन स्टेटमध्ये काहीही असलं तरी दर वेळी नव्याने भर. अगदी बरोबर. मग कराच्या रकान्यालाही तेच दिलं. तीच चौकट, तोच पर्याय, तसंच एसक्यूएल. एक बरोबर होतं, दुसरं चूक, आणि पेज डिझायनरमध्ये दोन्ही शेजारी शेजारी तंतोतंत सारखे दिसत होते. दर बदलेपर्यंत दोन्ही बरोबर उत्तरंही देत होते. त्यामुळे टेस्टिंगमध्ये काही सापडलं नाही. टेस्टिंग करताना आपण आकडे बदलून बघतो. काळ बदलून कोण बघतो?

हे नवं नाही

डेटाबेसवाल्यांना हा प्रश्न पहिल्यापासून माहीत आहे. एडगर कॉड यांनी १९७० च्या ज्या निबंधात रिलेशनल मॉडेल मांडलं, त्यातच पुनरावृत्तीचा आणि सुसंगतीचा विचार आहे: एका माहितीवरून दुसरी काढता येत असेल आणि तरी दोन्ही साठवल्या, तर त्या एकमेकींशी विसंगत होण्याचा धोका असतो. त्या शिकवणीवर आमची पिढी वाढली. काढता येतं ते साठवू नये, हे कॉलेजात इतक्या वेळा ऐकलं, की ते हाडांत गेलं. आमची चूक आळसातून झाली नव्हती. ती या शिकवणीचा अर्धाच भाग लक्षात ठेवल्याने झाली. कारण 'काढता येतं' याचा अर्थ 'कधीही काढलं तरी तेच येतं' असा आहे. ऑगस्टचा कर सप्टेंबरच्या दरावरून काढता येत नाही. मग तो पुनरावृत्ती कसा? ती स्वतंत्र माहिती आहे आणि ती साठवलीच पाहिजे.

गंमत म्हणजे डेटाबेसला स्वतःला हा फरक कळतो. ओरॅकलमध्ये व्हर्च्युअल कॉलमच्या सूत्रात आजची तारीख देणारं फंक्शन घालून बघा. तो नकार देतो. जन्मतारखेवरून वय काढणारा व्हर्च्युअल कॉलम म्हणून करता येत नाही. पोस्टग्रेसमध्ये जनरेटेड कॉलम २०१९ मध्ये, १२ व्या आवृत्तीत आले, तिथेही तीच अट: सूत्र असं हवं, की तेच आकडे दिले तर कधीही तेच उत्तर यावं. म्हणजे तळमजल्यावर एक दक्ष रखवालदार बसला आहे, जो प्रत्येक सूत्राला विचारतो, "काळ बदलला तर तू बदलशील का?" आणि वरच्या मजल्यावर, जिथे नवशिके काम करतात, तिथे हाच प्रश्न विचारायला कुणी नाही.

दुसरी परंपरा स्प्रेडशीटची. १९७९ मध्ये व्हिसिकॅल्क आलं आणि घरातल्या छोट्या संगणकावर सूत्र आणि उत्तर एकाच चौकटीत बसलं. एक आकडा बदलला की बाकी सगळे बदलतात, हे सुख लोकांना तेव्हापासून लागलं. आपले दुकानदार, शाळेचे क्लार्क, सोसायटीचे सेक्रेटरी यांची हिशेबी रकान्याची कल्पना एक्सेलमधूनच आलेली असते. पण एक्सेलमध्ये माणूस जूनची फाईल सेव्ह करून ठेवतो आणि जुलैसाठी नवी उघडतो. जूनची फाईल जूनमध्येच गोठते. नकळत का होईना, ठरलेली व्हॅल्यू फाईलच्या रूपाने जपली जाते. आपण ते सगळं एका डेटाबेसमध्ये आणतो, फायली बंद करतो, आणि त्यांच्याबरोबर ते गोठणंही घालवतो. त्याच्या जागी काही ठेवायचं असतं, हे आपल्याला सुचत नाही.

आक्षेप आणि उत्तर

यावर आमच्याच क्षेत्रातले मित्र म्हणतात, "साधनाने काय काय विचारायचं? त्याला तुमचा धंदा थोडाच माहीत आहे? हातोडीला विचारता का, खिळा कुठे ठोकू?" आक्षेपात तथ्य आहे. कर ठरलेला की चालू, हे ॲपेक्सला आपोआप कळणं अशक्य आहे. शिवाय प्रत्येक रकान्याला दहा प्रश्न विचारले, तर दुपारपर्यंत ॲप्लिकेशन उभं राहणार नाही, आणि मग या साधनाचा उपयोग काय?

पण ॲपेक्स हातोडी नाही. ते मत असलेलं साधन आहे. लपवलेल्या रकान्याला न विचारता कुलूप लावणं हे मतच आहे. सबमिट झाल्यावर आधी कॉम्प्युटेशन, मग व्हॅलिडेशन, मग प्रोसेस, हा क्रम हेही मतच आहे, आणि शहाणं मत आहे: आकडा आधी काढा, मग तो तपासा, मग साठवा. ज्याच्याकडे क्रमाबद्दल इतकं पक्कं मत आहे, त्याच्याकडे काळाबद्दलही असायला हरकत नाही. आम्ही मागतोय तो एकच प्रश्न आहे, रकाना हिशेबी करताना: सुचवलेली, चालू की ठरलेली? उत्तर 'ठरलेली' असेल, तर हा आकडा ब्राउझरवर सोडू नकोस आणि टेबलमध्ये त्याला जागा आहे का बघ, एवढं साधनाने सांगावं. वाटा सातच राहू देत. त्या वाटांवर पाट्या लावा, एवढंच म्हणणं आहे.

आणि जोवर साधन विचारत नाही, तोवर आपण विचारावं. आमच्याकडे आता नियम आहे: हिशेबी रकान्याच्या कॉमेंटमध्ये पहिला शब्द या तीनपैकी एक असलाच पाहिजे. ज्याला तो लिहिता येत नाही, त्याने तो रकाना बांधायचा नाही, उठून गिऱ्हाइकाला विचारायला जायचं. दुसरा नियम: ठरलेल्या व्हॅल्यूचा पडद्यावरचा हिशेब नुसता दाखवण्यापुरता, साठवताना सर्व्हर पुन्हा काढणार. तिसरा: पैसे कुठे पूर्णांकात आणायचे, प्रत्येक ओळीला की शेवटच्या बेरजेला, हे एकाच ठिकाणी लिहायचं. साडेदहा रुपयांच्या तीन ओळींवर ५ टक्के कर ओळीनिहाय काढला तर १ रुपया ५९ पैसे होतो, एकत्र काढला तर १ रुपया ५८ पैसे. दोन्ही पद्धती समर्थनीय आहेत. एकाच ॲप्लिकेशनमध्ये दोन्ही असणं समर्थनीय नाही.

दुकानाचं पुढे काय झालं

बिलाच्या ओळीत आम्ही दोन नवे कॉलम घातले, दर आणि कर. ते भरणं सोपं होतं, कारण दर कधी बदलला ते माहीत होतं. पण भरलेले आकडे खरे आहेत, हे सिद्ध कशावरून करायचं? आमचा डेटाबेस साक्षीदार म्हणून बाद झाला होता. तो काय, विचाराल त्या दिवशीचं उत्तर देणारा. शेवटी भरलेली विवरणपत्रं, बँकेच्या नोंदी आणि मॅडमनी स्वतःच्या सवयीने जपून ठेवलेल्या छापील प्रतींची फाईल, हे समोर ठेवून आम्ही दोन रविवार बसलो आणि एकेक बिल ताडून पाहिलं.

ती फाईल ठेवू नका, जागा अडते, सगळं कॉम्प्युटरमध्ये आहे, असंही आम्हीच त्यांना सांगितलं होतं. त्यांनी ऐकलं नाही. मालकांनी त्या गिऱ्हाइकाला ऑगस्टची मूळ प्रत त्याच फाईलमधून काढून दाखवली, तेव्हा कुठे विषय मिटला.

मॅडमना सेशन स्टेट माहीत नव्हतं, व्हर्च्युअल कॉलम माहीत नव्हता. त्यांना एवढंच माहीत होतं, की पैसे घेतले त्या दिवशी कागदावर जे लिहिलं, ते तसंच राहिलं पाहिजे. आमच्या सातही वाटांमध्ये ही गोष्ट कुठे लिहिलेली नव्हती. ती आधी आपल्या डोक्यात हवी, आणि मग साधनातही यावी, एवढ्यासाठी हे सगळं बोललो.

प्रश्न असतील तर जरूर विचारा. तुमच्या ॲप्लिकेशनमध्येही असा एखादा रकाना असेल, तर तो इथे सांगा. आम्हालाही शिकायचं आहे.